सिसिलीहून आलेल्या मच्छीमार कुटुंबाची वंशावळ कशी शोधायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या सासूबाईंचे चारही आजी-आजोबा इटलीच्या सिसिली बेटावरच्या मच्छीमार गावांतून कॅलिफोर्नियात आले. मी माहेरची अलिबागची. लग्नानंतरच्या पहिल्याच ख्रिसमसला आत्तेसासूबाईंनी एक जुना फोटो बाहेर काढला. होडीवर सात माणसं उभी होती आणि त्यातल्या तिघांची नावं घरात कोणालाच सांगता येईनात. त्या रात्री मी वहीत पहिली नोंद केली. त्याला आता अकरा वर्षं झाली. सासरची भावंडं आणि अशाच घरांत सून किंवा जावई म्हणून गेलेले ओळखीतले मराठी लोक मला तेच ते प्रश्न विचारत असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

सुरुवात कुठून करायची?

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून, आणि आजच. संगणक उद्या उघडला तरी चालेल.

"आपण मूळचे कुठले?" असं विचारू नका, कारण उत्तर "पालेर्मो" असंच येणार. त्याऐवजी विचारा: कुठल्या देवीची जत्रा करायचात? आजोबा कोणाच्या होडीवर जायचे? शेजारी कोण राहायचं? बाप्तिस्म्याला धर्मपिता-धर्ममाता म्हणून कोण उभं राहिलं होतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गावात तुमच्या घराला काय म्हणायचे? सिसिलीत एकेका आडनावाची वीस-वीस घरं असत, म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव असे. त्याला तिकडे 'न्चुरिया' म्हणतात. सरकारी कागदावर ते सहसा मिळत नाही, पण पत्रांत आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात मिळतं. आमच्या घराचं टोपणनाव एका नव्वदीच्या मावशींना तेवढं ठाऊक होतं.

फोटोंच्या मागची बाजू, पत्रांची पाकिटं आणि अंत्यविधीला वाटतात ती संतांच्या चित्राची कार्डं यातलं काही टाकू नका.

सगळे 'पालेर्मो' सांगतात. मग नेमकं गाव कसं कळणार?

सगळं काम या एका प्रश्नावर अडतं. पालेर्मो हे शहराचं नाव आहे आणि प्रांताचंही. त्या प्रांतात ८२ नगरपालिका आहेत आणि जन्म-लग्न-मृत्यूचं दप्तर प्रत्येक नगरपालिकेचं वेगळं आहे. सगळ्या सिसिलीचं मिळून एक मोठं रजिस्टर कुठेही नाही. गाव कळल्याशिवाय इटलीतल्या नोंदींत शिरलात तर वर्षं वाया जातात. माझं एक गेलं.

गाव अमेरिकेतल्याच कागदांतून काढायचं. सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज. सप्टेंबर १९०६पासून हे अर्ज सगळ्या देशात एकाच नमुन्यात भरले जाऊ लागले आणि त्यांत जन्मतारीख, जन्मगाव, जहाजाचं नाव आणि उतरल्याची तारीख असे. त्याआधीच्या अर्जांत बहुतेक वेळा नुसतं 'इटली' लिहिलेलं असतं. १९१७ आणि १९४२ सालची सैन्यभरतीची कार्डंही पाहा. नागरिक नसलेल्या पुरुषांनाही ती भरावी लागत. १९४२चं कार्ड तर ४५ ते ६४ वयाच्या पुरुषांचं आहे, म्हणजे नेमक्या आपल्या पणजोबांच्या पिढीचं. अमेरिकेतल्या चर्चमधलं लग्नाचं रजिस्टर अनेक जण विसरतात. १९०८पासून कॅथलिक चर्चच्या नियमानुसार लग्नाची खबर वधू-वरांचा बाप्तिस्मा झालेल्या चर्चला कळवावी लागे. त्यामुळे पाद्री ते गाव मुद्दाम विचारून घेत.

कागदांइतकाच उपयोग जत्रांचा होतो. मच्छीमारांनी आपली देवता बरोबर आणली. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिशरमन्स वॉर्फवर ऑक्टोबरमध्ये मादोन्ना देल लुमेची, म्हणजे मारियामातेची, मिरवणूक निघते आणि होड्यांना आशीर्वाद दिला जातो. ही देवी सिसिलीतल्या पोर्तिचेल्लो गावाची. बॉस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये १९१०पासून मादोन्ना देल सोक्कोर्सोचा उत्सव होतो, तो शाक्का गावाचा. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरला जूनअखेर संत पीटरची जत्रा भरते. तिथली बरीच घरं सिसिलीतल्या तेर्रासिनी आणि त्राप्पेतोच्या किनाऱ्यावरून आलेली आहेत. कॅलिफोर्नियातलं मॉन्टेरे किंवा पिट्सबर्ग म्हटलं की पहिला अंदाज पालेर्मोजवळचं इझोला देल्ले फेम्मिने हे गाव.

हे असं होण्यामागे कारण आहे. मच्छीमार एकटा जात नाही. एक जण पुढे जाऊन पाणी बघून येतो, मग भाऊ येतो, मग मेहुणा, मग शेजारच्या होडीतला खलाशी. सॅक्रामेंटो आणि सॅन होआकिन या नद्या मिळतात तिथल्या पिट्सबर्गचं १९११पर्यंतचं नाव ब्लॅक डायमंड. तिथे सामन माशासाठी इझोलाची माणसं आधीच जमली होती. त्यांच्यापैकीच काही जण पुढे सार्डिनसाठी मॉन्टेरेला गेले. आपल्या पणजोबांचं गाव सापडत नसेल तर त्यांच्या होडीवरच्या बाकीच्या माणसांची गावं शोधा. मला आमचं गाव असंच सापडलं.

गाव कळलं, पण त्या नावाच्या नोंदीच मिळत नाहीत. का?

बहुधा ते गाव म्हणजे नगरपालिका नसेल, नुसती वाडी असेल. पोर्तिचेल्लो सांता फ्लावियात मोडतं, तेव्हा नोंदी सांता फ्लावियाच्या दप्तरात आहेत. मारेत्तिमो बेट फाविन्यानाखाली येतं. सान वितो लो कापो १९५२पर्यंत एरिचेचा भाग होतं, आणि एरिचेचं नावही १९३४पर्यंत मोन्ते सान जुलियानो असं होतं. म्हणजे सान वितोच्या मच्छीमाराचा १८८०चा जन्म डोंगरावरच्या मोन्ते सान जुलियानोच्या रजिस्टरमध्ये शोधायचा. इझोला देल्ले फेम्मिनेच्या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या नोंदींसाठी शेजारच्या कापाचीचं दप्तर बघा.

नावबदलही ध्यानात ठेवा. जुन्या कागदावर 'जिर्जेंती' दिसलं तर ते आजचं आग्रिजेंतो. हे नाव १९२७मध्ये बदललं.

इटलीतल्या नोंदी घरबसल्या बघता येतात का?

हो, आणि फुकट. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं 'आन्तेनाती' नावाचं संकेतस्थळ आहे. त्या शब्दाचा अर्थच पूर्वज. दुसरं फॅमिलीसर्च. दोन्हीकडे रजिस्टरच्या पानांचे फोटो आहेत. सगळ्या पानांची नावानिशी सूची झालेली नाही, त्यामुळे शोधपट्टीत नाव टाकून काही आलं नाही म्हणजे नोंद नाही असं समजू नका. वर्षाच्या शेवटी कारकुनाने केलेली हस्तलिखित सूची असते, ती उघडून नजर फिरवायची.

सिसिलीत नागरी नोंदणी १८२०ला सुरू झाली. १८६५पर्यंतच्या जन्मनोंदीचं पान दोन रकान्यांचं असतं. डावीकडे नगरपालिकेची नोंद, उजवीकडे चर्चमधल्या बाप्तिस्म्याची. १८६६पासून इटलीच्या नव्या राज्याचा नमुना लागू झाला आणि चर्चचा रकाना गेला. हा बदल आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. १८६६नंतर फक्त चर्चमध्ये झालेलं लग्न सरकार मानत नसे. त्यामुळे रीतसर लग्न झालेल्या जोडप्याची मुलंही कागदावर 'नाव सांगू न इच्छिणाऱ्या बाईपासून झालेली' अशी दिसतात. घाबरून जाऊ नका आणि घरात उगाच कुजबूजही नको.

आणि खरा खजिना म्हणजे 'प्रोचेस्सेत्ती'. लग्नाच्या अर्जाला जोडलेली ही कागदपत्रं. माझ्यासमोर १८६१चा असा एक गठ्ठा उघडला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. नवरा मुलगा २२ वर्षांचा, धंदा मासेमारी. सोबत त्याच्या जन्माचा दाखला, वधूच्या जन्माचा दाखला आणि त्याच्या वडिलांच्या मृत्यूचा दाखला. वडील नसतील तर संमती आजोबांनी द्यायची, आणि तेही वारले असतील तर तसा पुरावा लागायचा. म्हणून आजोबांच्या मृत्यूचाही दाखला जोडलेला होता, त्यांच्या आईवडिलांच्या नावांसकट. एका लग्नाने मी १८६१वरून थेट अठराव्या शतकात जन्मलेल्या माणसापर्यंत पोहोचले. कागदाच्या तळाशी नवऱ्या मुलाची सही नाही. 'लिहिता येत नसल्याने' एवढंच कारकुनाने लिहिलं आहे.

मला इटालियन येत नाही. जमेल का?

जमेल. रजिस्टरचा मजकूर ठरावीक असतो, वीस-पंचवीस शब्द आले की पान वाचता येतं. 'पेस्कातोरे' म्हणजे मासे धरणारा, 'मारिनारो' म्हणजे दर्यावर्दी. 'पाद्रोने' दिसलं तर तो होडीचा मालक, आपल्याकडच्या नाखव्यासारखा.

दोन अक्षरांचा एक शब्द मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा: 'फू'. 'जुझेप्पे दी साल्वातोरे' म्हणजे साल्वातोरेचा मुलगा जुझेप्पे, आणि वडील हयात आहेत. 'जुझेप्पे फू साल्वातोरे' असेल तर साल्वातोरे वारला आहे. आपण 'कै.' लिहितो तसंच. एका मुलाच्या जन्मनोंदीत 'दी' आणि दोन वर्षांनंतरच्या मुलाच्या नोंदीत 'फू' दिसलं की आजोबांचा मृत्यू त्या दोन वर्षांत शोधायचा. किती तरी मृत्यू मी असे पकडले.

महिन्यांच्या संक्षेपांत नवी माणसं हमखास फसतात. सातचा आकडा आणि पुढे 'ब्रे' असं लिहिलेलं असेल तर तो जुलै नसतो, सप्टेंबर असतो, कारण 'सेत्ते' म्हणजे सात. आठला 'ब्रे' जोडला की ऑक्टोबर, नऊला जोडला की नोव्हेंबर, आणि रोमन दहाला जोडला की डिसेंबर.

एकाच नावाची इतकी माणसं! आपला कोणता हे कसं ओळखायचं?

सिसिलीतली नाव ठेवण्याची रीत आधी समजून घ्या. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं, दुसरीला आईच्या आईचं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत आपल्याला नवी नाही, पण तिकडे ती फार काटेकोर पाळली जायची. चार भाऊ असतील तर चौघांच्याही थोरल्या मुलाचं नाव एकच. आडनाव एकच, गाव एकच, वयं दोन-तीन वर्षांच्या अंतराने.

माझं आणखी एक वर्ष वाया गेलं ते इथे. सासऱ्यांकडच्या एका शाखेत मी चुकीच्या जुझेप्पेच्या मागे गेले, त्याच्या आईवडिलांपासून पणजोबांपर्यंत सगळं झाड रचलं, आणि शेवटी कळलं की आमचा जुझेप्पे त्याचा चुलतभाऊ. तेव्हापासून माझा नियम आहे: आईचं माहेरचं नाव जुळल्याशिवाय कोणालाही झाडावर बसवायचं नाही.

आणखी एक दुःखाची गोष्ट. मूल दगावलं तर पुढच्या मुलाला पुन्हा तेच नाव ठेवत. १८८४ची जन्मनोंद सापडली म्हणून आनंदाने थांबू नका. पुढच्या चार वर्षांच्या मृत्यूच्या सूच्या बघा. आमच्याकडे रोझालिया नावाच्या तीन मुली एकाच आईच्या पोटी आहेत. तिसरी जगली. त्या दोघींनाही मी झाडावर जागा दिली आहे.

या रीतीचा फायदाही मोठा आहे. मुलांची नावं क्रमाने लावली की आजी-आजोबांच्या नावांचा अंदाज बांधता येतो आणि नेमकं काय शोधायचं ते कळतं.

लग्नानंतर बायकांची नावं बदलतात, मग त्यांचा माग कसा काढायचा?

इटलीत बाईचं नाव कागदावर बदलत नाही. जन्म, लग्न, मुलांचे जन्म, मृत्यू, सगळीकडे माहेरचंच आडनाव. बोटीच्या यादीतही बहुतेक तेच असतं, म्हणून पणजी सापडत नसेल तर तिला माहेरच्या नावाने शोधा. अमेरिकेत पाऊल टाकल्यावर तिचं आडनाव नवऱ्याचं होतं आणि तिथून माहेरचं नाव पुसट व्हायला लागतं.

एलिस आयलंडवर अधिकाऱ्यांनी आमचं आडनाव बदललं, हे खरं का?

नाही. प्रवाशांची यादी निघायच्या बंदरावर जहाज कंपनीचे लोक तयार करायचे. एलिस आयलंड हे न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं ठाणं. तिथला अधिकारी हातात आलेली यादी तपासायचा. आडनावं बदलली ती नंतर, शाळेत, कामावर, मतदारयादीत, आणि पुष्कळदा कुटुंबाने स्वतः ठरवून.

बोटीच्या यादीत पणजोबा सापडतच नाहीत. काय करावं?

ते न्यूयॉर्कलाच उतरले असं धरून चालू नका. पालेर्मोहून न्यू ऑर्लिन्सला थेट आगबोटी जात, बॉस्टनलाही लोक उतरत. हे पुरुष एकदाच आले असंही नाही. हंगाम करून परत जायचे, लग्न करून पुन्हा यायचे. माझ्या सासूबाईंचे एक आजोबा मला चार याद्यांत सापडले.

अक्षर वाचताना सूची करणाऱ्यांच्या चुका होतात, म्हणून आडनाव सोडून पहिलं नाव, वय आणि गाव यांवर शोधा. आणि सापडल्यावर ती एकच ओळ टिपून पान बंद करू नका. वरची-खालची माणसं त्याच गावची असतात का बघा, आणि 'कोणाकडे चालला आहे' हा रकाना वाचा. तिथे मेहुण्याचं नाव आणि पत्ता असतो. १९०७नंतरच्या याद्यांत गावी मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचंही नाव आहे.

मच्छीमार असल्यामुळे काही वेगळ्या नोंदी मिळतात का?

मिळतात. इटलीत दर्यावर्दी लोकांची नोंद बंदर कार्यालयात वेगळी होत असे आणि त्यांची सक्तीची भरती नौदलात होई. म्हणून सैन्यभरतीच्या यादीत नाव नाही याचा अर्थ कागद हरवला असा नसतो, तो समुद्राच्या यादीत असू शकतो.

अमेरिकेत होडीचा माग काढा. पाच टनांवरच्या होड्यांची संघराज्य सरकारकडे नोंदणी होई आणि दरवर्षी छापील यादी निघे. त्यात होडीचं नाव, क्रमांक, बांधणीचं वर्ष आणि बंदर असे, नंतरच्या खंडांत मालकाचंही नाव. अशी होडी अमेरिकन नागरिकाच्याच नावावर होऊ शकत असे. म्हणजे पणजोबांच्या नावावर होडी दिसली तर त्याआधी त्यांचा नागरिकत्वाचा अर्ज बहुधा असणार. होडी मुलाच्या नावावर असेल तर मुलगा अमेरिकेत जन्मलेला आणि वडील अजून इटलीचे, अशी शक्यता धरा.

जाळ्यांवरूनही काळ कळतो. इझोला देल्ले फेम्मिनेच्या पिएत्रो फेर्रान्तेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॉन्टेरेत लांपारा जाळं आणलं. रात्री सार्डिनच्या थव्याला वेढा घालायचं ते जाळं. त्यानंतर तिथले माशांचे कारखाने वाढले आणि इझोलाहून माणसं येत राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर सार्डिनच संपली आणि घरं विखुरली. १९५०च्या जनगणनेत कुटुंब मॉन्टेरेत दिसत नसेल तर सॅन पेड्रो आणि सॅन डिएगोत बघा.

दुसऱ्या महायुद्धात काय झालं होतं? घरात कोणी बोलत नाही.

बोलत नाहीत कारण अपमान झाला होता. नागरिकत्व न घेतलेले सुमारे ६ लाख इटालियन अमेरिकेत 'शत्रुराष्ट्राचे परकीय' ठरले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्यांना ठरावीक भागांत राहायला, फिरायला बंदी झाली. मासेमारी बंद, कित्येकांच्या होड्या जप्त. बेसबॉलपटू जो डिमाजियोचे वडीलही इझोलाचे मच्छीमार. त्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉर्फवर जाता येईना, आणि पुढे १९४३मध्ये त्यांचाच मुलगा अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला. इटालियनांवरचे हे निर्बंध ऑक्टोबर १९४२मध्ये उठले.

त्या काळाने कागद मात्र मागे ठेवले. १९४०च्या कायद्याने १४ वर्षांवरच्या प्रत्येक परकीयाला नोंदणी करावी लागली. त्या अर्जात जन्मगाव, येण्याची तारीख आणि जहाज असतं. तो अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या वंशावळ विभागाकडून फी भरून मिळतो. ज्या पणज्यांनी कधीच नागरिकत्व घेतलं नाही, त्यांच्यासाठी बहुतेक हाच एक कागद आहे.

नोंदी जळाल्या असतील तर?

कुठल्या जळाल्या ते आधी नक्की करा. १८ एप्रिल १९०६च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोचं बरंचसं नागरी दप्तर गेलं. अमेरिकेची १८९०ची जनगणना जवळपास सगळी गेली. २८ डिसेंबर १९०८च्या भूकंपाने मेस्सिना शहराचं दप्तर उद्ध्वस्त केलं. पण पालेर्मोच्या किनाऱ्यावरची गावं त्यातून वाचली. नगरपालिकेची प्रत गेली असेल तर न्यायालयाकडे ठेवलेली दुसरी प्रत अभिलेखागारात असू शकते, कारण रजिस्टर दोन प्रतींत लिहिली जायची.

१८२०च्या मागे जाता येतं का?

चर्चच्या रजिस्टरांतून जाता येतं. १५६३ला संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या ठेवायला लावल्या. गोवा-वसईकडच्या चर्चमधल्या जुन्या वह्यांमागेही तोच नियम आहे, त्यामुळे ज्यांनी तिथे आपलं मूळ शोधलं आहे त्यांना हा साचा ओळखीचा वाटेल. शिवाय 'रिवेली' नावाच्या जुन्या करगणना पालेर्मोच्या अभिलेखागारात आहेत. त्यांत घरातली माणसं आणि मालमत्ता दोन्ही नोंदलेली आहे.

चर्चला पत्र लिहाल तर इटालियनमध्ये, थोडक्यात आणि एका वेळी एकाच माणसाबद्दल विचारा. उत्तराला महिने लागू शकतात.

डीएनए चाचणी करावी का?

करा, पण आकडे जपून वाचा. या गावांत पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं झाली आहेत. चाचणी ज्याला तुमचा 'थर्ड कझिन', म्हणजे खापरपणजोबा एकच असलेला भाऊ, म्हणते तो प्रत्यक्षात पाच वाटांनी लांबचा नातेवाईक निघतो.

या कागदांवर इटलीचं नागरिकत्व मिळेल का?

पूर्वी पणजोबांवरूनही मिळत असे. मार्च २०२५च्या वटहुकमाने आणि मेमध्ये त्याचा कायदा झाल्यावर ते साधारणपणे आईवडील आणि आजी-आजोबांपुरतंच मर्यादित झालं आहे, आणि त्यालाही अटी आहेत. फक्त त्यासाठी शोध सुरू करत असाल तर आधी वकिलाला विचारा.

फोटोतली ती तीन माणसं सापडली का?

दोघं सापडली. फोटो मोठा करून होडीचं नाव वाचलं, ते छापील यादीत मिळालं, बंदर मॉन्टेरे. मालकाच्या नागरिकत्वाच्या अर्जावर नियमाप्रमाणे दोन साक्षीदारांची नावं होती, दोघांचाही धंदा मासेमारी. एकाच्या नातवाने घरचा फोटो पाठवला आणि चेहरा लगेच जुळला. दुसऱ्याचा १९४२च्या कार्डावरच्या वर्णनावरून जुळला: डाव्या हाताचं एक बोट नाही. फोटोत तो हात दोरावर आहे.

तिसरा उजव्या टोकाला उभा आहे, वय सोळा-सतरा, टोपी हातात धरलेली. आत्तेसासूबाई गेल्या वर्षी गेल्या. फोटो आता माझ्याकडे आहे, आणि मी इझोलाच्या १९०० ते १९०५च्या जन्मनोंदी एकेक पान करून वाचते आहे.